न्हाणीकडचं झाड

"वहिनी, तुमच्या त्या दोन जायफळांपैकी मोहोर कुठल्याला जास्त येतो?" हर्षद भाऊजींनी मला विचारलं होतं.

"न्हाणीकडच्या झाडाला," मी म्हणाले.

उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. परीक्षेआधी मुलांना एकच गोष्ट बजावते : प्रश्न नीट वाचा, विचारलंय तेवढंच लिहा. भाऊजी कॉमर्सचे. माझ्या वर्गात ते कधी बसले नाहीत.

आमचं घर शहराच्या बाहेर, खाडीच्या अंगाला आहे. घराखाली आगर, त्यात नारळ, पोफळी आणि विहीर. घराच्या मागे, दगडी गडग्याच्या आत, जांभ्याची एक उतरती पट्टी. सासऱ्यांनी हयातीतच वाटणी केली तेव्हा आगर आणि विहीर धाकट्या मुलाला, म्हणजे हर्षद भाऊजींना दिली आणि मागची पट्टी आम्हाला. त्याचं कारण सासूबाईंनी माजघरात सगळ्यांसमोर सांगितलं.

"त्याला सर्वेश आहे. तुम्हाला एकटी वेदिका. पोरगी काय आगर डोक्यावर घेऊन जाणार आहे सासरी?"

सगळे हसले. माझा नवरा केतनही हसला. तो मिरजोळ्याच्या एका कारखान्यात पाळीवर असतो, भांडणापेक्षा त्याला झोप प्रिय. हसणाऱ्यांत वेदिकाही होती. ती तेव्हा पाचवीत होती आणि डोक्यावर आगर घेतलेली नवरी तिला डोळ्यांसमोर दिसली असणार.

सासऱ्यांनी एक मात्र सांगितलं होतं : विहिरीचं पाणी दोघांचं. पंपाचं पाणी घरामागच्या हौदात चढायचं. तिथून एक पाट खाली आगरात जायचा आणि दुसरा आमच्या पट्टीत यायचा. दिवसाआड शिपणं मिळायचं. मला तेवढं पुरत होतं.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी या पट्टीत जायफळाच्या दोन बिया रुजवल्या होत्या. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. रोपाकडे बघून कळत नाही, पानावरून कळत नाही. सात-आठ वर्षं पाणी घालायचं आणि फुलण्याची वाट बघायची. माझ्या नशिबाने दोन्ही मिळाली. न्हाणीजवळचं झाड नर निघालं, गडग्याजवळचं मादी. मादीचं फळ असं, की तडकलं की आतली लाल जायपत्री बघून पोस्टमनसुद्धा सायकल उभी करून चौकशी करायचा. दोघांच्या फांद्या इतक्या एकमेकींत शिरलेल्या, की फळ कुठल्याही झाडाखाली पडायचं.

पुढची झाडं बियांपासून करायची नाहीत, हे मी ठरवलं होतं. बी म्हणजे निम्मा जुगार. मी बियांची रोपं केली ती फक्त खुंटासाठी. प्रत्येक खुंटाच्या सालीत खाच घेतली आणि गडग्याकडच्या झाडाचा एकेक डोळा तिच्यात बसवला. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतली कळी. वरून पट्टी बांधली. डोळा जगला की फुटतो, त्याची फांदी होते, मग खुंटाचा शेंडा छाटून टाकायचा. वर जे वाढतं ते गडग्याकडच्या झाडाचं मूल नसतं. ते तेच झाड असतं, दुसऱ्या मुळांवर उभं.

त्याच सुमारास कॉलेजच्या तळ्यातलं शेवाळ एका बाटलीत घालून मी घरी आणलं होतं. त्यात हायड्रा होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कुशीला एक फुगवटा दिसत होता. त्या फुगवट्यालाही तोंड फुटलेलं, बोटांसारखे इवले तंतू आलेले.

वेदिका एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली. "आई, ही हिची मुलगी?"

"हो. मुकुलायन म्हणतात याला. वाढली की सुटून जाईल."

"आणि बाबा कोण?"

"लागत नाही."

"अजिबात?"

"पोटभर खायला मिळालं तर अजिबात नाही."

ती इतकी हसली, की काचपट्टी हलली. मग तिला आठवलं, की माझ्या पुस्तकात पेशी विभागली की तिच्या कन्यापेशी होतात. "पुत्रपेशी का नाहीत गं?" मी म्हटलं, नाव ठेवणाऱ्यांना विचार. ती म्हणाली, "आजीला दाखवूया का?" मी नको म्हटलं.

माझे बारा डोळे जगले होते. बारा झाडं, वेदिकेच्या छातीइतकी. तिने प्रत्येकाला आपली केसांची एकेक जुनी रिबीन बांधली आणि वर्गातल्या मैत्रिणींची नावं दिली. ही झाडं मी तिच्यासाठी लावली होती. आगर गेलं होतं, पण डझनभर जायफळं ज्या मुलीच्या नावावर उभी आहेत, तिला कुणाच्या माजघरात हसायला लागत नाही, असा माझा हिशेब होता.

त्या वर्षी चैत्रातच एका सकाळी पाटाला पाणी आलं नाही. जाऊन बघते तर हौदापाशी पाटाचं तोंड चिखलाने आणि चिऱ्याने बुजवलेलं.

भाऊजी खाली पोफळीत उभे होते. मी हाक मारली तेव्हा वर आले, हसतमुख, नेहमीसारखे. "पाणी उतरलंय वहिनी. आगराला पुरत नाही."

"विहीर अर्धी भरलेली दिसते."

"उद्या सर्वेशला हे सगळं बघायचंय. त्याच्यासाठी राखायला नको?" मग जरा खालच्या आवाजात, समजूत घालावी तसं : "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. मुलगी उद्या लग्न होऊन जाईल. ही झाडं तुम्ही कुणासाठी जगवताय?"

केतनला सांगितलं. तो म्हणाला, "पाऊस पडेपर्यंत दे सोडून. भावाशी काय पाण्यावरून तोंड लावायचं."

मी कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर घरच्या पाण्याच्या बादल्या नेल्या. वेदिका कळशी घेऊन मागे यायची. जांभ्याची जमीन बादलीचं पाणी घोटात गिळते. वैशाखात बाराही झाडं एकामागून एक वाळली. पानं गळली नाहीत, फांदीवरच तपकिरी होऊन राहिली. दोन जुनी झाडं तेवढी वाचली, कारण न्हाणीचं सांडपाणी त्यांच्या मुळांतून जात होतं.

पावसाळ्यात एक दिवस वेदिका शाळेतून आली ती दप्तर न काढताच मला हाताला धरून खाली घेऊन गेली. भाऊजींच्या परसात पडवळाचा मांडव घातला होता. मांडवाखाली वेलांना चढायला काठ्या रोवल्या होत्या. त्यांतल्या काही काठ्यांना रिबिनी होत्या.

ती रडली नाही. तिने फक्त नावं घेतली. "ही श्रावणी. ही मानसी. ही तन्वी."

मी तिला घरी आणलं आणि जेवायला वाढलं. त्यानंतर बरीच वर्षं मी भाऊजींशी नीट वागले. कुणालाही विचारा.

आमच्याकडे वाटणी झाली तरी गणपती एकच, भाऊजी आणि सासूबाई राहतात त्या मोठ्या घरात. दोन वर्षांनी गणपतीत सगळे जेवायला बसलो होतो. मोदकांच्या सारणाला सासूबाईंनी माझ्याकडूनच जायफळ मागून घेतलं होतं. भाऊजींनी मोदक फोडला, वास घेतला आणि विचारलं, "हे आपल्या घरचं?"

"वहिनीचं," जाऊबाई संध्या म्हणाली.

"मसाल्याचे व्यापारी मागे लागलेत जायफळाच्या. आंब्याची कटकट नको, फवारण्या नकोत." भाऊजी आंब्याच्या बागा कराराने घेतात. मोहोर बघून झाडाची किंमत सांगण्यात तालुक्यात त्यांचा हात कुणी धरत नाही, असं तेच सांगतात. त्यांनी तूप ओतलं आणि सहज, अगदी सहज मला विचारलं : मोहोर कुठल्याला जास्त येतो?

माझ्या लक्षात आलं, त्यांचा डोळा कशावर आहे.

नर जायफळाला फुलं घोसांनी येतात. झाड नुसतं लगडतं. मादीला एखाद-दुसरं फूल, पानाआड, शोधावं लागतं. त्यांनी विचारलं असतं, फळ कुठल्याला धरतं, तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. पण त्यांनी ते विचारलं नाही. आंब्याच्या माणसाने आंब्याचा प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं. सासूबाई म्हणाल्या, "योगिनी, भात घे गं." मी भात घेतला.

पुढच्याच आठवड्यात मला ताप होता म्हणून मी कॉलेजला गेले नव्हते. दुपारी न्हाणीमागे फांदी मोडल्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघते तर लवू झाडावर. लवू आमच्या भागात आंब्याची कलमं बांधतो. मला बघून तो तिथेच अवघडला.

"बाय, तुमी घरात हाव?"

"आहे ना. काय काढतोयस?"

"भाऊनी सांगितल्यानी, वैनीना म्हायती हाय." त्याने हातातली फांदी पाठीमागे घेतली. "नाय म्हायती?"

मी वर बघितलं. न्हाणीकडचं झाड तेव्हाही पिवळट फुलांच्या घोसांनी भरलेलं होतं. लवूने बरोबर त्याच्यावरच शिडी लावली होती.

"माहीत आहे," मी म्हणाले. "पण लवू, त्या आडव्या फांद्या टाकून दे. आडव्या फांदीचा डोळा भरलास तर झाड आडवंच पसरतं. उभ्या फांदीचे घे. आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ने, सुकले तर फुकट जातील."

"आंब्याक असा नसता."

"आंबा नव्हे हा."

"नाय, पण मव्हर काय हाय बाय, मव्हर! म्हनून भाऊनी हाच सांगितल्यानी."

मी आत जाऊन त्याला गोणपाट भिजवून आणून दिला. एकही डोळा मरू नये, अशी माझी मनापासून इच्छा होती.

लवूच्या हाताला गुण आहे. भाऊजींनी विकत आणलेल्या रोपांवर ऐंशी-नव्वद डोळे जगले. भाऊजींनी त्यांच्यासाठी आगरातल्या निम्म्या पोफळी तोडल्या. सासऱ्यांनी लावलेल्या, चालू उत्पन्नाच्या. तोडल्या त्या दिवशी केतन ओसरीवर येऊन उभा राहिला. "बाबा असते तर," एवढंच म्हणाला आणि पाळीला निघून गेला. मी तेव्हा बोलू शकले असते. पोफळी पडताना आवाज मोठा होतो. मी आत पेपर तपासत बसले होते आणि तपासत राहिले.

एकदाच मी तोंड उघडलं. पलीकडच्या वाडीतल्या हिराकाकू मासळीची पाटी घेऊन येतात. त्या म्हणाल्या, "हर्षदशेठ रोपां विकनार म्हनतायत जायफळाची. दारात चार लावू काय?"

"काकू, झाडाला फळ धरलेलं डोळ्यांनी बघा, मग घ्या. दुसऱ्या कुणाची रोपं असती तरी मी हेच सांगितलं असतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग एक बांगडा जास्त टाकून गेल्या. भाऊजींचं एकही रोप वाडीत विकलं गेलं नाही. माझं जे काही होतं ते एकाच घराशी होतं.

झाडं वाढली. पाणी भरपूर, सावली नारळाची, हवा खाडीची. मी रोज जाता-येता बघायची. शेंड्याची वाढ, पानांचा रंग, सगळं उत्तम. एकाच झाडाची इतकी शरीरं मी पुस्तकाबाहेर कधी पाहिली नव्हती.

वेदिका अकरावीत गेली आणि तिने जीवशास्त्र घेतलं. एके दिवशी ती आगरातून वर आली ती एक डहाळी घेऊन. फुलं यायला सुरुवात झाली होती. तिने ब्लेडने फूल उभं कापलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत पुंकेसरांचा दांडा. बीजांडकोश नाही.

"मी वेगवेगळ्या झाडांची दहा फुलं बघितली. सगळी अशीच."

"बाकीचीही तशीच असतील."

तिने माझ्याकडे बघितलं. पडवळाच्या मांडवाखाली उभी होती तेव्हा तिचा चेहरा असाच होता. "न्हाणीकडचं?"

"हो."

"तू दिलंस?"

"नाही. त्यांनी नेलं."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"विचारलं नाही."

तिने ब्लेड पुसून ठेवलं. मला वाटलं, आता ती मला काहीतरी म्हणेल आणि ते मला ऐकावं लागेल. ती म्हणाली, "काकांनी फुलांचे फोटो घराच्या ग्रुपवर टाकलेत. बघितलेस?"

बघितले होते. खाली लिहिलं होतं, 'आमच्या सर्वेशची बाग.' केतनने त्यावर अंगठा दिला होता. मीही दिला.

पहिल्या वर्षी फळ धरलं नाही तेव्हा भाऊजी म्हणाले, झाडं कोवळी आहेत. दुसऱ्या वर्षी मोहोर दुप्पट आला आणि फळ एकही नाही. त्यांनी खत घातलं, मग आंब्यावरची कसली तरी फवारणी केली. तिसऱ्या हंगामात बाहेरून एक जाणकार बोलावला. तो आगरात पाच मिनिटंही नव्हता. तो गेल्यावर भाऊजी तडक आमच्या ओसरीवर आले. मागून सासूबाई आल्या. केतन घरी होता. वेदिका दारात उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही फसवलंत मला."

"काय विचारलं होतंत, भाऊजी?"

"शब्दात पकडू नका! मला फळाचं झाड हवं होतं, हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. झाड मागितलं असतंत तर दाखवलं असतं. तुम्ही मागितलं नाहीत. मी घरी नसेन असं बघून माणूस पाठवलात."

केतन म्हणाला, "योगिनी, जाऊ दे ना."

"गेलंच आहे," मी म्हणाले. "बारा झाडं गेली. तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

सासूबाई ओसरीच्या कडेवर बसल्या. त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं. "म्हणजे काय झालंय गं? एवढ्या नव्वद झाडांत एकही मादी नाही?"

"नाही आई. सगळे एकाच झाडाचे डोळे. सगळे मुलगे."

"एकही मुलगी नाही?"

"आजी," दारातून वेदिका म्हणाली, "तुला तर हेच हवं होतं ना?"

कुणीच हसलं नाही. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. तेवढ्यासाठी मी नऊ वर्षं थांबले होते, आणि आणखी थांबले असते.

भाऊजी सावरले. व्यापारी माणूस सावरतो. "तो म्हणाला, उपाय आहे. ही झाडं वरून छाटायची आणि फुटव्यांवर मादीचे डोळे भरायचे. दोन-तीन वर्षांत फळ धरेल. डोळे तुमच्याकडे आहेत." थांबून म्हणाले, "घरच्या घरात आहे. काय ते सांगा."

"हौदापाशी पाटाचं तोंड बुजलेलं आहे. ते मोकळं करा."

"लवूला सांगतो."

"लवूने बुजवलं नव्हतं."

त्यांनी केतनकडे बघितलं. केतनने पहिल्यांदाच मान खाली घातली नाही. भाऊजी फावडं घेऊन गेले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. आम्ही सगळे ओसरीवरून बघत होतो. चिरा निघायला वेळ लागला, त्यावर बांडगुळासारखी मुळं चढली होती. मग पाणी आलं. आधी वाळकी पानं, मग गढूळ, मग स्वच्छ. वेदिका अनवाणी पाटात उतरली.

भाऊजी चिखलाच्या हातांनी परत आले. "आता?"

"आता मी पट्टीत नवीन खुंट लावणार आणि गडग्याकडच्या झाडाचे डोळे त्यांवर भरणार. यंदाचे डोळे त्यातच संपतील, एका झाडाला किती ओरबाडायचं? त्या झाडांना फळ धरेपर्यंत दिवसाआड पाणी येऊ दे. मग डोळे मागा."

"म्हणजे पाच-सहा वर्षं!"

"जगली तर. वाळली तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि तेव्हा तरी द्याल?"

"मी कशी देणार? झाडं माझी नाहीत." मी पाटाकडे बोट केलं. "तिला विचारा. नीट विचारा मात्र."

त्याला आता दीड वर्ष झालं. पट्टीत वीस झाडं आहेत. रिबिनी बांधायचं वेदिकेचं वय गेलं, ती फक्त कलमांच्या पट्ट्या सोडवते. शिपणाचा दिवस एकदाही चुकलेला नाही. उन्हाळ्यात विहीर खरोखर उतरली तेव्हा भाऊजींनी आधी आमचा पाट सोडला आणि मग आपला. मी हौदावर उभी राहून बघत होते, हे त्यांना दिसत होतं.

ती नव्वद झाडं त्यांना तोडवत नाहीत. कधीतरी त्यांच्यावर डोळे भरायचेत ना. म्हणून ती फुलतात. संध्याकाळी आगरातून त्या फुलांचा गोड वास वर येतो आणि त्याबरोबर फुलांवरचे बारीक भुंगे. पूर्वी गडग्याकडच्या झाडाला एकाच नराचा पराग मिळायचा. आता खाली नव्वद उभे आहेत. यंदा झाडाला असं फळ धरलं, की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

सासूबाई परवा सारणासाठी जायफळ न्यायला आल्या होत्या. सुपातली रास बघून थबकल्या. "यंदा एवढी कशी गं?"

"बापांना पाणी भरपूर आहे, आई," मी म्हणाले. "भाऊजी स्वतः घालतात."